माणूस फिट, शेड अनफिट

ज्यांच्याविरुद्ध मी पत्रकं काढली त्यांतल्या बहुतेकांनी ती फाडली. एकानं पोलिसात अर्ज दिला. माझं पत्रक स्वतःच्या दारावर चिकटवणारा माणूस मात्र मला एकच भेटला, आणि तोही वर तक्रार घेऊन आला.

"पत्रकबाई, खळ लई पातळ केलीस. उन्हात सुटायला लागलंय. मी घट्ट कणीक शिजवून परत लावलंय." आणि जाता जाता वळून, "आन 'चले जाव' लिवलंस, पर कुठं ते लिवलंच न्हाईस. हितनं बारामतीला जाऊ का सोलापूरला?"

पत्रकाचा मथळा होता, 'कंपनीचा डॉक्टर की कंपनीची चाळणी?' इंदापूरच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या दवाखान्याच्या दारावर ते महिनाभर तरी होतं. शेजारी त्यांची स्वतःची पाटी होती: 'डॉक्टर आत नाहीत. बाहेर शोधा.' लोक दोन्ही वाचायचे आणि शोधायला जायचे. पुढं कंपनीनं त्यांना काढून टाकलं तेव्हा मी त्यांच्या बाजूनंही एक पत्रक काढलं, 'कामगारांचा कैवारी' असं वर ठळक छापून. ते मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं फाडलं. "ह्यात खोटं हाय," म्हणाले. "पयलं बरं हुतं."

ते पहिलं पत्रक मी आजही मागं घेत नाही. त्यामागची गोष्ट अशी. नव्वदचं दशक सरत आलं होतं. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत एक फाउंड्री होती, गाड्यांचे लोखंडी भाग ओतणारी. मंदी आली, गाड्या खपेनात. गाड्या खपेनात म्हणून भाग नकोत, भाग नकोत म्हणून माणसं नकोत. दीड वर्ष गेटला कुलूप. मग कुलूप उघडायची बातमी आली आणि सोबत नोटीस लागली, की जुन्या कामगारांना परत घेऊ, पण वैद्यकीय तपासणीत पास होतील त्यांनाच. मी पत्रकात विचारलं होतं, मालकांनो, माणूस दीड वर्ष उपाशी ठेवायचा, आणि मग तो वाळलाय म्हणून त्याला नापास करायचं? त्याच्या जागी कंत्राटावर कोवळी पोरं भरायची? आणि या पापावर सही कुणाची, तर डॉक्टरची! यातलं एक अक्षर मला चुकीचं वाटत नाही. फक्त सही करणाऱ्या माणसाची ओळख मला तेव्हा नव्हती.

मी कामगार संघटनेची पत्रकं लिहायची, पण माझा राग नुसता संघटनेचा नव्हता. माझे दाजी त्या फाउंड्रीत ग्राइंडिंग खात्यात होते. ओतून आलेल्या भागाची खरबरीत कड फिरत्या चाकावर घासून साफ करायची, हे त्यांचं काम. कंपनी बंद पडली तशी इंदापुरातली भाड्याची खोली सोडावी लागली. ताई पोरांना घेऊन सांगवीला सासरी गेली, दीर-जावांच्या भरल्या घरात. तिथं तिला कुणी वाईट वागवलं नाही, पण तिसऱ्या जावेच्या परवानगीशिवाय चहाला आधण ठेवता येत नव्हतं. दाजी ऊस भरायला गेले, बारामतीला हमाली केली, एक पावसाळाभर चुलत्याच्या मेंढरांमागं हिंडले. परत आले तेव्हा शर्ट खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता. ताई मला एवढंच म्हणायची, "ह्यास्नी घेतलं तर माजं घर, न्हाय तर ह्येच घर." दाजी तपासणीत पास होणार की नाही, यावर सगळं अडलं होतं. आणि ते ठरवणार होता हा माणूस.

हा माणूस म्हणजे काय होतं ते सांगते.

दवाखान्यात पेशंटला बसायला खुर्ची नव्हती. "खुर्चीत बसला की समदाच आजारी दिसतो. माणूस कामावर बघावा." शिंप्याची पाठ दुखली तर डॉक्टर शिंप्याच्या दुकानात जाऊन उभे राहायचे आणि त्याची पाठ सोडून पाय बघायचे. एका एसटी ड्रायव्हरला त्यांनी बारामती-इंदापूर गाडीत मागच्या सीटवरून तपासलं. बिचाऱ्याला पत्ताच नाही. उतरताना त्याला म्हणाले, "मघाशी त्या म्हशीनं तुला बघितलं, तू म्हशीला न्हाय. मान दाखवून घे कुनाला तरी."

डॉक्टरकीच्या चामडी बॅगेत त्यांची भाकरी असायची, आणि बीपीचं मशीन भाजीच्या कापडी पिशवीत. मी एकदा विचारलंच. "बॅगेला कुलूप हाय," ते म्हणाले. "मशीन कोन चोरतंय? भाकरी चोरत्यात."

जन्म मेंढपाळाच्या घरातला. त्या घरातून शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस आणि पहिला डॉक्टर. पण तपासायची पद्धत बापाचीच. आधी पेशंटची खालची पापणी अंगठ्यानं ओढून रक्त बघायचं, मग पाठीच्या कण्यावरून बोट फिरवून अंगावर मांस किती ते चाचपायचं. स्टेथोस्कोप शेवटी. कुणी चिडून म्हणायचं, "आमी काय मेंढरं हाय का डागदर?"

"मेंढरं आसता तर बरं झालं आसतं. मेंढरू दारू पिऊन येऊन 'च्याच घेतला' म्हनत न्हाय."

सलाइन लावा म्हणून हट्ट धरणाऱ्याला ते रसवंतीचा पत्ता द्यायचे. त्यामुळं निम्मा गाव दुसऱ्या डॉक्टरकडं गेला. उरलेला निम्मा त्यांच्या तोंडून एकच वाक्य ऐकायला यायचा, "मरत न्हाईस. ऊठ." हे वाक्य आलं की लोक निवांत घरी जायचे. नाही आलं तर नातेवाईक पुण्याची गाडी ठरवायला लागायचे.

बोलणं कायम असंच, रानातलं. कलेक्टर येवो नाहीतर कुणी. फक्त राग आला की ते एकदम शुद्ध पुस्तकी मराठी बोलू लागायचे. "आपण जरा बाहेर उभे राहाल काय?" असं डॉक्टर म्हणाले की समजायचं, आता काही खरं नाही.

आणि संध्याकाळी त्यांचा एक उद्योग असायचा. हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर बसून जाणाऱ्या ट्रकांची चाकं न्याहाळायची. मला वाटलं, वेड लागलंय. एकदा त्यांनी मला तिथं उभं करून दाखवलं. "वर ताडपत्री बघू नगंस. ती रिकाम्या गाडीला बी आसती. खालचं पाटं बघ, चाकावरच्या स्प्रिंगचं लोखंडी पाटं. मालानं दबल्यात का? मंदी हाय का गेली ते टीव्हीवाल्यास्नी नगं इचारू. पाट्यास्नी इचार." मी वैतागून म्हटलं, "अर्थशास्त्र असं असतं होय?" तर म्हणाले, "मला काय ठावं. मी नाडी बघतुया."

तपासणीचा पहिला दिवस. फाउंड्रीच्या गेटजवळ वॉचमनच्या खोलीची ओसरी होती, तिथं टेबल मांडलेलं. मी गेटबाहेर पत्रकं घेऊन उभी. कंपनीनं वजनाची अट घातली होती. एका ठरावीक वजनाखालचा माणूस घेणार नाही. दाजी आणि सांगवीकडची आणखी काही मंडळी, सगळीच मेंढपाळ घरातली, रांगेत एकदम शहाण्यासारखी उभी होती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पहिला गडी वजनात पास झाला. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा बांधला, फुगवला, बघितलं. परत फुगवला. भुवया वर. दुसरा गडी, तेच. तिसऱ्या नंबरला दाजी. ते या पायावरून त्या पायावर होत होते.

"काय रं, नाचतुयास का?"

"न्हाय डागदर, हुबा हाय."

"जीभ काढ."

दाजींनी जीभ काढली. डॉक्टर वाकून बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. रांगेतला एकूण एक माणूस मांड्या आवळून उभा होता. आणि डॉक्टर हसायला लागले. मी त्यांना हसताना त्या एकदाच बघितलं. खुर्ची धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मीठ चाटलायसा व्हय रं?"

दाजींनी जीभ आत घेतली.

आमच्याकडं बाजाराला मेंढरू न्यायचं असलं की आदल्या संध्याकाळी त्याला मीठ चाटवतात आणि पाणी तोडतात. सकाळी पाण्यावर सोडलं की ते तहानलेलं जनावर पोट तट्ट होईपर्यंत पितं. भरलेलं दिसतं, उचलून बघणाऱ्याच्या हाताला जड लागतं. या शहाण्यांनी तेच स्वतःवर केलं होतं. रात्री मूठ मूठ मीठ, सकाळी कळशी कळशी पाणी. काटा हलला, वजन भरलं. पण मिठानं आणि तुंबलेल्या लघवीनं बीपी चढलं ते वेगळंच. मेंढराचं बीपी कुणी मोजत नाही, त्यामुळं हे कुणाच्या ध्यानात यायचं कारणच नव्हतं.

हसू थांबलं तसे डॉक्टर हळू आवाजात बोलले, पण मला गेटपर्यंत ऐकू आलं. "माज्या बापानं जल्मभर ह्येच केलं, बारामतीच्या बाजारात. पर बाप मेंढरू इकत हुता रं. सवताला न्हवं."

मग ओरडले, "पळा! बाभळीमागं जाऊन या समदी!" आणि ती रांग अशी पळाली की वॉचमननं चोर समजून शिट्टी मारली.

गडबड ऐकून मॅनेजर बाहेर आले. पुण्याचे, इस्त्रीचा शर्ट. कागदावर नजर टाकून म्हणाले, "बीपी वाढलेलं आहे ना डॉक्टर? मग लिहा की अनफिट. सोपं आहे."

डॉक्टरांनी मशीन गुंडाळून भाजीच्या पिशवीत टाकलं. "साहेब," ते म्हणाले, "यंत्र बिघडलेले आहे. बिघडलेल्या यंत्राचे आकडे मी लिहीत नसतो. तपासणी पुढील आठवड्यात होईल." शुद्ध मराठी. मॅनेजरांना त्याचा अर्थ माहीत नव्हता, पण आमच्या माणसांना होता. बाभळीमागून परत आलेली रांग एकदम सरळ झाली.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी ओसरीवर तपासायला नकार दिला. "माणूस कामावर बघणार. टेबल ग्राइंडिंगच्या शेडात मांडा. दोन मशिनी चालू करा. काटा ऱ्हाऊ द्या हितंच, वजन चाक धरत न्हाय. आन साहेब, तुमी बी माज्या शेजारी बसा, म्हंजी मी कुनाची बाजू घेतो ह्यो आरोप नगं." मग माझ्याकडं बोट करून, "ही पत्रकबाई साक्षीदार. हिला आत घ्या, न्हाय तर उद्या खोटं छापंल."

असं मी आयुष्यात पहिल्यांदा दाजींचं कामाचं ठिकाण आतून बघितलं. पत्र्याची लांब शेड. भिंतीत धुराड्यासारखा एक मोठा नळ, धूळ ओढून घेणाऱ्या पंख्याचा. पंख्याची मोटर मात्र जाग्यावर नव्हती. चार बोल्ट आणि त्यांच्यामधे साळुंकीचं घरटं. कंपनी बंद होती तेव्हा मोटर विकून टाकली होती. "आदी तरी कुठं लावत हुते," तात्या माझ्या कानाशी म्हणाले. "लाइटबिल येतंय म्हनून बंदच." तात्या खात्यातले सगळ्यात जुने कामगार, केस पांढरे, बोलताना मधेच थांबून श्वास घ्यायचे.

मशीन सुरू झालं. एकेकानं चाकावर येऊन भाग घासायचा, मग डॉक्टरांनी छाती ऐकायची. दाजी आले. दीड वर्षानं हात लागला होता चाकाला, पण हात काहीच विसरला नव्हता. ठिणग्यांचा पिसारा सरळ, एका रेषेत. ताई इथं असती तर तिनं दृष्ट काढली असती. पण ठिणग्यांबरोबर धूळही उठत होती, बारीक, पिठासारखी, आणि जायला वाट नव्हती. टेबलावर बसली, कागदांवर बसली, मॅनेजरांच्या शर्टावर बसली. मॅनेजर आधी रुमाल काढून बसले, मग खोकू लागले, मग उठायला लागले. डॉक्टरांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि आमच्या सगळ्यांदेखत स्टेथोस्कोप त्यांच्या छातीला लावला.

"श्वास घ्या साहेब. सोडा. परत घ्या." खोकला. "साहेब, तुमी अनफिट."

अख्खं खातं फिसकन हसलं. मॅनेजर लाल झाले.

दाजींची छाती डॉक्टरांनी दोनदा ऐकली. पुढून ऐकली, मागून ऐकली, परत पुढून. शेवटी म्हणाले, "साफ हाय. आजून तरी." तात्यांची मात्र एकदाच ऐकली, आणि स्टेथोस्कोप कानातून काढून ठेवला. "तात्या, तुमी ह्या चाकावर परत यायचं न्हाय."

"मग खाऊ काय, डागदर?"

"त्ये ह्यास्नी इचारू." आणि मॅनेजरांकडं वळून, "गेटवर वजनकाट्याला माणूस लागंलच की. तात्यास्नी लिव्हता-वाचता येतं." तात्यांना पुढं काट्यावर घेतलं ते मात्र डॉक्टरांच्या बोलण्यानं नाही. त्यासाठी मला दोन पत्रकं आणि गेटसमोर एक सभा घ्यावी लागली. जे ज्याचं ते त्याला.

त्या दिवशी डॉक्टरांनी प्रत्येक कागदावर एकच मजकूर लिहिला. 'कामगार फिट. शेड अनफिट. धूळ ओढणारा पंखा चालू होईपर्यंत कोणालाही या खात्यात कामावर घेऊ नये.' आणि कुठल्याच कागदावर सही केली नाही.

मॅनेजर हुशार. क्षणात आमच्याकडं वळून दोन्ही हात पसरले. "बघा बुवा. मी तर उद्यापासून घ्यायला तयार आहे. तुमचा डॉक्टरच नाही म्हणतोय."

झालं. सगळी डॉक्टरांवर उलटली. दाजी पुढं. "पंखा न्हवता तवा बी काम केलंच की आमी! पंखा न्हवं, काम पायजे आमाला! मेव्हणीबाई, ह्येच्यावर लिव्हा की काय तरी!"

कामगारांच्या आरोग्याच्या हक्कावर मी पानंच्या पानं लिहिली होती. आता त्याच आरोग्याच्या नावानं माझ्या बहिणीचं घर अडलं होतं, आणि अडवणाऱ्याची बाजू बरोबर होती. पत्रकात बसणारी गोष्ट नव्हती ही.

ताई ऐकायला तयार नव्हती. "तुजी पत्रकं घाल चुलीत. मला त्या डागदराकडं ने." दवाखान्याच्या पाटीप्रमाणं बाहेर शोधावं लागलं. डॉक्टर बारामतीच्या बाजारात सापडले, पाठीवर पोतं घेतलेल्या एका हमालाच्या मागं मागं, त्याच्या गुडघ्यांवर नजर ठेवून चालताना. ताई त्या वरातीत घुसली.

"डागदर, आमच्या ह्यांच्या कागदावर सही करा."

"तुजा नवरा कोन? तो नाचनारा?" चालता चालताच त्यांनी विचारलं. "त्येचा कामाचा शर्ट कोन धुत हुतं?"

"मीच की."

"पानी कसलं निगायचं?"

"काळं. गाळ बसायचा बादलीत. चोळून चोळून हात भरून यायचं."

डॉक्टर थांबले. हमालही पोत्यासकट थांबला. "त्योच गाळ छातीत बी बसतो बाई. तितं हात घालून चोळता येत न्हाय."

मला वाटलं, आता ताई रडणार. पण ती आमच्या आईची पोर. पदर खोचून म्हणाली, "मग सही देत न्हाय तर पंखा द्या. एक काय तरी द्या. नुसतं शाणपन नगं."

"हां," डॉक्टर म्हणाले, "आता कामाचं बोललीस." आणि हमालाला, "तू कशाला हुबा हाईस? ठेव की त्ये पोतं, मरशील!"

त्या संध्याकाळी मी त्यांना टपरीवर गाठलं. ते ट्रककडं बघत होते. "पाटं दबल्यात," म्हणाले. "रोज जास्त दबत्यात. गाड्या खपाय लागल्या. त्या मॅनेजरला भाग द्यायचं हायत कुनाला तरी, तारीख लागलीया. कंत्राटाच्या पोरांना चाक धरता येत न्हाय, त्येला बी ठावं हाय. आमी न्हाय, त्योच घाईला आलाय. थांबा जरा."

मी तडकले. मंदीत मालक थांबू शकतो आणि तेजीत कामगार, हे मलाही कळत होतं. पण "तुमी थांबा" हे सांगणाऱ्याच्या बॅगेत भाकरी आहे आणि ऐकणाऱ्याच्या घरात नाही, हेही मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही. चहा खाली ठेवला आणि म्हणाले, "व्हय. त्ये खरं हाय." मला वाटलं होतं, काहीतरी टोला हाणतील. ते कबूल झाले की भांडायला काही उरतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरांनी सांगितलं, पंखा बसवायची फार इच्छा आहे हो, पण तसली मोटर पुण्याहून यायला महिने लागतील. डॉक्टर म्हणाले, "पुन्याला कशाला जाता? तुमची जुनीच मोटर नदीकाठी एका बागायतदाराच्या मळ्यात पानी उपसतीया. मी त्येच्या आईचं गुडघं बघाय जातो तवा रोज बघतो. तुमच्या कंपनीचा पत्रा आजून चिकटलेला हाय तिच्यावर." मॅनेजरांचं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मी तिथं नव्हते, तात्यांनी सांगितलं. बागायतदाराला कंपनीनं बदल्यात दुसरा पंप दिला. तरी तो नाराजच होता, पण आईनं त्याला दम भरला म्हणे. मोटर आणायला दाजी आणि खात्यातली सगळी माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली. येताना मोटरला धरून अशी बसली होती की नवरीच घेऊन चाललेत. साळुंकीचं घरटं तात्यांनी काढून बाभळीवर ठेवलं. पिल्लं कधीच उडून गेली होती.

पंखा सुरू झाला तेव्हा डॉक्टरांनी चुलीतली मूठभर राख आणायला लावली. नळाच्या तोंडाशी उधळली. राख हवेत जरा घुटमळली आणि एकदम आत खेचली गेली. डॉक्टरांनी नळाला कान लावून ऐकलं, छाती ऐकावी तसं. मग कागद मागितले. मॅनेजर म्हणाले ऑफिसात बसून सह्या करू. डॉक्टरांनी ऐकलं नाही. एकेकाला वाकवून त्याचा कागद त्याच्याच पाठीवर ठेवून सही. दाजींच्या पाठीवर पेन अडकलं. "हलू नगंस. हाडं लई लागत्यात. पगार झाला की आदी तूप खा."

पुढं दोनेक महिन्यांतच कंपनीनं त्यांना नको म्हणून कळवलं आणि दुसरा डॉक्टर नेमला. टेबल-खुर्चीवाला. पण पंखा बंद करायची हिंमत त्यांना झाली नाही. झाली असती तर मी होतेच.

दाजींच्या पहिल्या पाळीच्या दिवशी ताई सांगवीहून निघून दुपारीच लोणी देवकरला आली. काही काम नव्हतं. नुसती गेटसमोर बसून राहिली. मी तिला म्हटलं, असं बायकांनी गेटवर येऊन बसायची पद्धत नाही. ती म्हणाली, "नसू दे." पाळी सुटली, भोंगा झाला. दाजी आले ते कुरकुर करतच. पंख्याच्या आवाजानं कान बसलेत, एकमेकांचं एक अक्षर ऐकू येत नाही, नुसत्या खुणा करून बोलावं लागतं. ताई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडं बघू लागले.

इंदापूरच्या एसटीत गर्दी होती. दाजींना खिडकी मिळाली, ताई शेजारी, मी मागं. डॉक्टरही त्याच गाडीत होते, पुढं दांडा धरून उभे, एका पोत्यावर पाय ठेवून. हायवेला लागेपर्यंत दाजी झोपले. मान ताईच्या खांद्यावर, तोंड उघडं. दीड वर्षात मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. घरी ते झोपायचे तेव्हाही कपाळाला आठी असायची.

कंडक्टर आला. चिमट्यानं दांडीवर टकटक केलं. "ओ पावणं, तिकीट! ऊठवा त्यास्नी."

ताईनं तिकिटाचे पैसे त्याच्या हातात दिले. मग मान वर करून, गाडीतल्या शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झोपू द्या वो. कामावरनं आल्यात."

डॉक्टरांनी वळून बघितलं नाही. दांडा फक्त या हातातून त्या हातात घेतला. आणि इंदापूर येईपर्यंत त्या गाडीत कुणी मोठ्यानं बोललं नाही.